नसलेलं आठवं वचन

लिंडेनाउ, मॅनिटोबा
४ मार्च २०१८

प्रिय नेटा,

जस्टिनाच्या अंत्यविधीनंतर विमानतळावर जाताना तू गाडीत म्हणालीस, "जस्टिना मला दर महिन्याला लिहायची. आता ते काम तुझं." मी हो म्हणालो होतो, म्हणून लिहितो आहे. तुला फोनवर ऐकू येत नाही आणि मला फोनवर बोलणं सुचत नाही, तेव्हा पत्रच बरं.

इथे सगळं ठीक आहे. चर्चच्या मंडळीतल्या बायकांनी आणलेलं जेवण अजून फ्रीझरमध्ये आहे. बहुतेक शेवयाच आहेत. बर्फ वितळायला अजून वेळ आहे.

मागच्या महिन्यात पाळक हार्म्स आले होते. जस्टिना दर बुधवारी वृद्धनिवासात जाऊन बायबल वाचायची, ती जागा रिकामी आहे, तिचा नवरा म्हणून मी ती घ्यावी असं त्यांचं म्हणणं. मी म्हणालो, मी आयुष्यभर जमिनी मोजल्या, चार माणसांसमोर वाचायची मला सवय नाही. ते म्हणाले, "मिस्टर क्लिपेनस्टाइन, सवयीचं काही नाही. टॅबलेट घ्या. अक्षर हवं तेवढं मोठं करता येतं, पानं उलटायला नकोत." भेटीला जाणाऱ्या सगळ्यांसाठी मंडळीने शरद ऋतूतच टॅबलेट घेतले होते. जस्टिनाने तिचा खोक्यातून काढलाही नव्हता. ती तुमच्या वडिलांचं जर्मन बायबलच न्यायची. जुन्या टोकदार छपाईचं ते पुस्तक मला धड वाचता येत नाही, म्हणून मी टॅबलेट घेतला. इंग्रजी बायबल त्यात आधीपासून होतं.

आता तुम्हा दोघी बहिणींच्या भावाविषयी. निवासात गेरहार्डची तब्येत बरी आहे. पक्षाघातानंतर वाचा गेली ती गेलीच. चार-दोन शब्द येतात आणि आकडे येतात. डॉक्टर म्हणाले होते की काही जणांचं असं होतं, बोलणं जातं पण मोजणं राहतं. मी कॉफी घेत गाडीत थांबायचो आणि जस्टिना एकटी आत जायची, त्यामुळे ते दोघं आत काय करायचे ते मी कधी पाहिलं नाही. आता कळलं. तो आकडे सांगतो. आधी बायबलमधल्या स्तोत्राचा, मग त्यातल्या वचनाचा, म्हणजे ओळीचा. आपण ते वाचायचं. तेच त्याचं बोलणं.

पहिल्या बुधवारी त्याने "एकशे तीन" म्हटलं. मी वाचलं, त्याने मान डोलावली. दुसऱ्या बुधवारी म्हणाला, "बेचाळीस. चार." मी वाचलं. जमावाबरोबर सण साजरा करत देवाच्या घरी जायचो, अशी त्यात आठवण आहे. त्याने हात झटकला आणि परत तेच आकडे सांगितले. मी परत वाचलं. तो रडला.

मला वाटतं त्याला उपासनेला यायचं आहे. निवासातली नर्स मारिविक, तिलाही तसंच वाटलं. ईस्टर जवळ आहे, काहीतरी करू.

तुझा,
वाल्डेमार


अ‍ॅबट्सफर्ड, ब्रिटिश कोलंबिया
१४ मार्च

प्रिय वाल्डेमार,

तुझं पत्र आलं! मी पाकीट बघून कार्लाला म्हटलं, हे नक्की वीजबिल असणार, वाल्डेमारने लिहिलेलं नसणार. ती म्हणाली, "आई, वीजबिल आता फोनवर येतं." बघ, किती मागे राहिले आहे मी.

म्हणजे तशी मागे नाही हं. टॅबलेट घेतलास हे झकास केलंस. मी तर तीन वर्षांपासून फोनवरच वाचते. सकाळी अंथरुणातच, चष्मा न शोधता. अक्षरं एवढी मोठी करते की एका वेळी पाच शब्द मावतात. कार्ला म्हणते, शेजारच्या घरातूनही वाचता येईल. आमच्या अभ्यासगटातल्या मार्गारेट डिकला ते अजिबात आवडत नाही. "देवाचं वचन आणि भाजीचे भाव एकाच काचेवर!" म्हणते. मी म्हटलं, मार्गारेट, तुझ्या बायबलमध्ये मागच्या ऑक्टोबरपासून कुत्र्याच्या डॉक्टरचं कार्ड आहे, ते मी पाहिलंय.

माझं छापील बायबल मी दुकानात देऊन टाकलं, मंडळीचं जुन्या वस्तूंचं दुकान आहे ना, तिथे. जस्टिनाला हे कधी सांगितलं नाही. तुला सांगायला हरकत नाही, तू कुणालाच काही सांगत नाहीस.

गेरहार्डला देवळात न्याच. तो गाण्याचा म्होरक्या होता रे. पहिला सूर त्याचाच असायचा, बाकीची मंडळी मागून. त्याला त्या पुढच्या बाकावर बसवा. मला खूप बरं वाटलं वाचून.

तू जेवतोस ना? फक्त शेवया नाही?

नेटा


लिंडेनाउ
५ एप्रिल

प्रिय नेटा,

ईस्टर नीट पार पडला नाही. निवासाच्या व्हॅनमधून गेरहार्डला आणलं. पुढच्या बाकाजवळ त्याच्या चाकाच्या खुर्चीला जागा केली. पहिलं गीत सुरू झालं तसा तो माझ्या बाहीला धरून ओढायला लागला. "बेचाळीस. चार." मी कानात म्हणालो, "आलोय ना आपण. हेच ते देवाचं घर." त्याने माझ्या हातातला टॅबलेट खाली पाडला. आवाज सगळ्यांना ऐकू गेला. मारिविकने त्याला बाहेर नेलं. काच फुटली नाही.

त्यानंतरच्या बुधवारी त्याने नवीन आकडा सांगितला. "एकोणचाळीस. तेरा." त्यात देवाला म्हटलं आहे, माझ्यावरची नजर काढ, मला जरा हसू दे, मग मी जाईन आणि नसेन. मी वाचलं तेव्हा तो माझ्याकडेच बघत होता. वाचून झाल्यावर टॅबलेटकडे बोट केलं, पुन्हा तोच आकडा. मी पुन्हा वाचलं. त्याने तोंड भिंतीकडे केलं.

मला त्यातून जे समजलं ते समजलं. माणसाला एकटं राहावंसं वाटू शकतं. मी उठून आलो.

मारिविकला ते वचन दाखवलं. "नसेन" हा शब्द वाचून ती काळजीत पडली आणि तिने वरच्यांना कळवलं. त्यांचं म्हणणं, चिडणं, वस्तू पाडणं आणि आता हे मरणाचं बोलणं, तेव्हा त्याला मागच्या विभागात हलवावं. तिथलं दार कुलूपबंद असतं, लक्ष जास्त असतं. स्मृती गेलेली माणसं तिथे ठेवतात. त्याला बायको-मुलं नाहीत, त्यामुळे संमती तुझी लागते. कागद तुला पाठवला आहे.

तू माझं मत विचारशील म्हणून लिहितो. त्याचं डोकं कधी चालतं, कधी नाही. एकशे तीन किंवा एकशे एकवीस म्हणाला की बरोबर लागतं, तो शांत असतो. बाकीच्या वेळी तो स्वतःच मागतो आणि वाचलं की चिडतो, जणू मागितलं ते हे नव्हेच. चांगले दिवस आणि वाईट दिवस. वाईट जास्त होत चाललेत.

तुझा,
वाल्डेमार


अ‍ॅबट्सफर्ड
१३ एप्रिल

वाल्डेमार,

सही करून कागद परत पाठवला. विचार करत बसले असते तर केली नसती, म्हणून लगेच केली. मी इथे डोंगराच्या पलीकडे, कमरेचं हाड असं की अंत्यविधीला येऊन गेल्यापासून विमानात बसवत नाही. डोळे तुझे आहेत. तू म्हणतोस म्हणून.

आज जास्त लिहिता येत नाही. मला आमचं जेवणाचं टेबल आठवतंय. वडील सूप वाढायच्या आधी नुसता आकडा टाकायचे आणि आम्ही वचन म्हणायचं. चुकलं तर वाटी शेवटी भरायची. गेरहार्डची वाटी कधीच शेवटी भरली नाही. एकदा मी चुकले तर कोंबड्यांच्या खुराड्यापर्यंत चिडवत आला, "नेटाला भूक नाही, नेटाला भूक नाही!"

आणि आता त्यालाच आकडे आठवत नाहीत.

त्याला बघायला रोज जात जा. बुधवारीच नको.

नेटा


लिंडेनाउ
२ मे

प्रिय नेटा,

गेरहार्डला मागच्या विभागात हलवलं. खोली स्वच्छ आहे. खिडकी आतल्या चौकात उघडते. जेवण तेच.

बर्फ गेला. विहिरीचा पंप बिघडला होता, दुरुस्त केला.

वाल्डेमार


अ‍ॅबट्सफर्ड
१० मे

वाल्डेमार क्लिपेनस्टाइन,

पंप!

मला मारिविकचं पत्र आलं आहे, कार्लाच्या फोनवर. मी तिला विचारलं होतं की भाऊ कसा आहे. ती म्हणते, "मिस्टर क्लिपेनस्टाइन नवीन विभागात एकदाही आलेले नाहीत. वाचायच्या वेळेला तुमचे भाऊ मिस्टर एन्स दाराकडे तोंड करून बसतात." ती स्वतः वाचून दाखवायला गेली तर त्याने तिचा फोन हाताने बाजूला केला. शांतपणे, ढकलून नाही.

तुला एकोणचाळीस-तेरामधून काय समजलं ते मला आत्ता समजलं. तो तुला जा म्हणाला असं वाटलं ना तुला? आणि तू गेलास. जस्टिना म्हणायची, वाल्डेमारला दार अर्धं लावलेलं दिसलं की तो जिन्यावरूनच परत येतो. अरे, तो आजारी माणूस आहे. भिंतीकडे तोंड केलं तर भिंतीकडच्या बाजूला जाऊन बसायचं!

तू जा. मला नंतर लिही. पंपाबद्दल नको.

नेटा


लिंडेनाउ
१७ मे

प्रिय नेटा,

तू म्हणालीस ते खरं आहे. मी गेलो नव्हतो. काल गेलो.

दार उघडायला बाहेर आकड्यांची कळपट्टी आहे, आतून उघडत नाही. गेरहार्ड दाराकडेच तोंड करून होता. वजन उतरलं आहे. मला बघून त्याने लगेच आकडा सांगितला. टॅबलेट चालू व्हायचीही वाट पाहिली नाही. "एकशे बेचाळीस. आठ."

मी शोधलं. एकशे बेचाळिसाव्या स्तोत्रात सातच वचनं आहेत. आठवं नाही. तिथून पुढचं स्तोत्र सुरू होतं.

मी त्याला तसं सांगितलं. "गेरहार्ड, सातच आहेत." तो म्हणाला, "आठ." मी टॅबलेट त्याच्यासमोर धरला, बोटाने शेवट दाखवला. "आठ. आठ." मग त्याने खुर्चीच्या हातावर मूठ आपटली. बाजूच्या खोलीतली बाई ओरडायला लागली आणि मला निघावं लागलं.

नेटा, आजवर मला थोडी शंका होती की आपण घाई केली का. आता राहिली नाही. जे नाहीच ते तो मागतो आहे. वाईट वाटतं, पण निदान निर्णय चुकला नाही एवढं तरी कळलं.

मी जात राहीन. तसं वचन देतो.

वाल्डेमार


अ‍ॅबट्सफर्ड
२४ मे

प्रिय वाल्डेमार,

तुझं पत्र घेऊन मी सकाळपासून बसले आहे. माझ्या फोनवरही सातच आहेत. मी दोनदा पाहिलं.

पण मला पटत नाही. म्हणजे त्याचं डोकं गेलं असेलही, आमच्या आत्याचं गेलंच होतं. शेवटी ती गायीला सासू म्हणायची, आणि तिच्या सासूला ओळखणाऱ्यांना त्यात फारसं चुकीचंही वाटायचं नाही. पण तिने चुकीच्या गोष्टी सारख्या बदलत्या सांगितल्या. आज एक, उद्या दुसरी. हा तर हट्टाने एकच धरतो आहे. वेड असं हट्टी असतं का?

माझा एक अंदाज आहे. त्याला वचन नकोच असेल, त्याला ते पुस्तक हवं असेल. वडिलांचं. जस्टिना तेच न्यायची ना? आणि तू इतके दिवस त्याच्यासमोर काच धरतो आहेस. मी कागदाची भक्त नाही, तुला माहीत आहे. पण तो म्हातारा आहे आणि एन्स आहे, दोन्ही एकदम.

ते पुस्तक घेऊन जा. वाचू नकोस हवं तर. नुसतं त्याच्या मांडीवर ठेव.

नेटा


लिंडेनाउ
३१ मे

प्रिय नेटा,

पुस्तक जस्टिनाच्या बाजूच्या कपाटात होतं. ते कपाट मी उघडलेलं नव्हतं. उघडलं आणि पुस्तक घेऊन आलो.

तुझा अंदाज चुकीचा होता. पण तू तो केलास हे बरं झालं.

मी पुस्तक त्याच्या मांडीवर ठेवलं. त्याने ते माझ्याकडे परत ढकललं. "एकशे बेचाळीस. आठ." म्हटलं ठीक आहे, त्याला दाखवू की इथेही नाही. ती छपाई वाचायला मला वेळ लागतो. स्तोत्र सापडलं. शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं आणि बाजूचा आकडा पाहिला. आठ होता.

नेटा, त्यात लिहिलं आहे: मला तुरुंगातून बाहेर काढ.

मी ते मोठ्याने वाचलं. त्याने डोळे मिटले आणि खुर्चीत मागे टेकला. मी आल्यापासून पहिल्यांदाच टेकला असेल.

घरी येऊन स्वयंपाकघरातल्या टेबलावर पुस्तक आणि टॅबलेट शेजारी ठेवले आणि एकेक स्तोत्र ताडून पाहिलं. फरक साधा आहे. पुष्कळ स्तोत्रांच्या डोक्यावर एक ओळ असते, हे कुणाचं आहे, कसं गायचं, अशी. इंग्रजीत ती ओळ मोजत नाहीत. तुमच्या जर्मन पुस्तकात तिला पहिला आकडा दिला आहे. त्यामुळे पुढचं सगळं एकाने सरकतं, कुठे दोनाने. जिथे ती ओळ नाही किंवा पहिल्या वचनातच मिसळली आहे, तिथे दोन्ही जुळतात. एकशे तीन जुळतं. एकशे एकवीस जुळतं. तेच मी त्याचे चांगले दिवस समजत होतो.

नोकरीत मी हे नव्या पोरांना पहिल्याच दिवशी सांगायचो. मोजणी जुळली नाही तर आधी बघा, समोरचा कुठल्या खुंटीपासून मोजतोय. तो चुकला असं लिहून मोकळे होऊ नका.

आता बाकीचे आकडे. बेचाळीस-चार त्याच्या पुस्तकात असं आहे: माझे अश्रू हेच माझं रात्रंदिवसाचं अन्न झालं आहे. हे त्याने मला जस्टिनाला पुरल्यानंतर सांगितलं होतं आणि मी त्याला व्हॅनमध्ये घालून देवळात नेलं. एकोणचाळीस-तेरा: माझी प्रार्थना ऐक, माझ्या अश्रूंसमोर गप्प राहू नकोस.

आणि मी उठून आलो होतो.

मला वाटायचं त्याला जस्टिनाचं जाणं नीट कळलेलंच नाही. आम्ही दोघं तिच्याबद्दल एक शब्द बोललो नाही. तो बोलत होता असं आता दिसतं.

मी मारिविकला सगळं दाखवलं. ती खुर्चीत बसली आणि तिच्या भाषेत काहीतरी म्हणाली. मग म्हणाली, "मी त्यांना स्ट्रॉबेरीची जेली देत होते, मन रमावं म्हणून." परत तपासणी व्हावी यासाठी ती अर्ज करते आहे. त्यावर तुझं पत्र लागेल. अडचण ही की त्याची जुनी खोली दुसऱ्याला दिली आहे आणि एकदा आत गेलेला माणूस सहसा बाहेर येत नाही. विनिपेगहून डॉक्टर येतात, त्या ठरवतील.

तुझी सही माझ्या सांगण्यावरून झाली होती, हे मी त्यांना लेखी दिलं आहे.

वाल्डेमार


अ‍ॅबट्सफर्ड
६ जून

प्रिय वाल्डेमार,

पत्र सोबत आहे, कार्लाने टाइप केलं. मी सांगितलेले दोन शब्द तिने गाळले. म्हणाली, डॉक्टरांना असं लिहीत नाहीत.

मला हे माहीत असायला हवं होतं. मी त्या टेबलावर वाढले! पण अठराव्या वर्षी घर सोडलं, इंग्रजी मंडळीत लग्न केलं आणि सगळे आकडे नव्याने पाठ केले. जुने कधी पुसले गेले ते कळलंच नाही. माझ्या भावाने तुरुंगातून हाक मारली आणि मी फोनवर दोनदा बघून म्हटलं, असं वचनच नाही.

आता ऐक. तू स्वतःला दोष देत बसशील, मी ओळखते तुला. तसं करू नकोस. सही माझी होती, पेन माझं होतं. आणि माझ्या फोनला तर मुळीच दोष देऊ नकोस! मार्गारेट डिकच्या कानावर गेलंच आहे, ती रविवारभर मिरवत होती, "बघ, शेवटी कागदच कामी आला!" मी म्हटलं, मार्गारेट, तुझं कागदाचं बायबल इंग्रजी आहे, त्यातही सातच आहेत, जा मोज. ती खरंच पिशवीतून काढून मोजत बसली.

कार्ला म्हणते, ते जुनं जर्मन बायबलही टॅबलेटवर मिळतं, त्याच आकड्यांसह. मग तू त्या टोकदार छपाईशी झटापट कशाला करतोस? पाळकाला सांग, टाकून देईल. मारिविकच्या फोनवरही टाका. बुधवार सोडून उरलेल्या दिवशी त्याने कुणाशी बोलायचं?

डॉक्टर काय म्हणाल्या ते लगेच लिही. मला झोप नाही.

नेटा


लिंडेनाउ
२८ जून

प्रिय नेटा,

गेरहार्ड बाहेर आला. आधी हे लिहितो, म्हणजे तू बाकीचं शांतपणे वाचशील.

तपासणी गेल्या आठवड्यात मंगळवारी झाली. डॉक्टर बाई स्पष्ट बोलणाऱ्या आहेत. त्या म्हणाल्या, "मला स्तोत्रं येत नाहीत आणि मी इथे बायबलची परीक्षा घ्यायला आलेले नाही. मी प्रश्न विचारीन. उत्तर यांचं असलं पाहिजे, तुमचं नाही." मी म्हणालो, मी फक्त वाचणार.

त्यांनी विचारलं, इथलं जेवण कसं आहे? गेरहार्डने जरा विचार केला. "मोशे. चौथं. एकवीस. पाच." मी टॅबलेटवर मोशेचं चौथं पुस्तक काढलं. पाळक हार्म्स यांनी त्यात जुनं जर्मन बायबल टाकून दिलं आहे, साध्या मोठ्या अक्षरात, ते मला अडखळल्याशिवाय वाचता येतं. त्यात इस्राएलचे लोक म्हणतात की या भिकार अन्नाचा आम्हाला वीट आला आहे. मी इंग्रजीत सांगितलं. डॉक्टर बाई मारिविककडे बघायला लागल्या. मारिविक म्हणाली, "माझ्याकडे बघू नका, मी स्वयंपाक करत नाही."

मग त्यांनी विचारलं, तुम्हाला जीव द्यावासा वाटतो का? तो लगेच म्हणाला, "एकशे अठरा. सतरा." मी मरणार नाही, जगणार आहे, असं आहे ते. मग त्या म्हणाल्या, तुम्हाला कुठे राहायचं आहे? त्याने आकडा सांगितला, तो तुला माहीत आहे. मी वाचलं. त्यांनी पेन खाली ठेवलं आणि म्हणाल्या की या माणसाला बोलता येत नाही, एवढंच झालं आहे.

जुनी खोली मिळाली नाही. मिळाली ती पार्किंगच्या बाजूची, पण खिडकीतून धान्याचं कोठार आणि रेल्वेचे रूळ दिसतात. दार आतून उघडतं. पहिल्या दिवशी त्याने ते पुष्कळदा उघडून पाहिलं.

पुस्तक त्याच्याकडेच ठेवलं आहे, मांडीवर असतं. वाचन टॅबलेटवरून करतो. मारिविकच्या फोनवरही टाकलं. तिला जर्मन येत नाही, पण आकडा सापडला की ती ते वचन इंग्रजीत करून घेते. काल तिने मला सांगितलं की मिस्टर एन्स तिला आळशाने मुंगीकडून शिकावं हे वचन ऐकवतात, चादर उशिरा बदलली की.

काल बुधवार होता. बाकीची मंडळी वाचनानंतर कॉफीला गेली. मी गेरहार्डच्या शेजारी बसलो आणि नेहमीसारखं विचारलं, "आज कोणतं?" त्याने आकडा सांगितला नाही. माझ्याकडे बोट केलं.

"मी?"

"तू," तो म्हणाला. हा शब्द त्याला येतो हे मला माहीत नव्हतं.

नेटा, मला एकही आकडा पाठ नाही. मी ते त्याला सांगितलं. त्याने बोट खाली घेतलं नाही. मग मी टॅबलेट बाजूला ठेवला आणि जस्टिनाच्या शेवटच्या आठवड्याबद्दल सांगितलं. ती काय खात होती, काय खाईनाशी झाली. तिने माझ्याकडून खिडकीचा पडदा सारखा इकडून तिकडे करून घेतला आणि मला राग आला होता. शेवटच्या सकाळी मी गाडी गरम करायला खाली गेलो, दवाखान्यात न्यायचं म्हणून, आणि वर आलो तेव्हा झालं होतं. हे मी तुलाही सांगितलं नव्हतं. तू विचारलंस तेव्हा मी म्हणालो होतो की शांतपणे गेली, मी जवळ होतो.

मी बराच वेळ बोललो. त्याने मध्ये एकही आकडा घातला नाही.

मी थांबल्यावर तो म्हणाला, "चौतीस. एकोणीस." मी टॅबलेट परत घेतला आणि काढलं. ज्यांचं मन मोडलं आहे त्यांच्याजवळ परमेश्वर असतो, असं आहे ते. मी वाचलं. त्याने पुन्हा वाचायला लावलं. दुसऱ्या वेळी मला शेवटपर्यंत जाता आलं नाही. राहिलेलं त्याने केलं. आवाज नव्हता, नुसते ओठ हलत होते, पण शब्द बरोबर होते. मी समोरच्या अक्षरांवर बोट ठेवून पाहिलं.

तुझा,
वाल्डेमार